परदेशातला अडचणीचा नाताळ : मुलांसमोर उपकारस्तुती कशी करायची?

भिंगारची_लेक · १० डिसेंबर, रात्री ९:५२

सर्वांना प्रभूच्या नावाने सलाम.

आम्ही इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला राहतो. २०२३ साली आलो. मिस्टर केअर होममध्ये होते, मी गोदामात पॅकिंगला जाते, मुली आठ आणि पाच वर्षांच्या. मिस्टर जिथे काम करायचे त्या कंपनीचं स्पॉन्सर लायसन्स, म्हणजे परदेशी कामगार ठेवण्याचा परवाना, सरकारने रद्द केलं. कामगारांचा यात काही दोष नव्हता, पण नोकरी सगळ्यांचीच गेली. आता होम ऑफिसचं, म्हणजे इथल्या गृहखात्याचं, पत्र आलंय. ६० दिवसांत नवा स्पॉन्सर शोधा, नाहीतर देश सोडा. इथे येण्यासाठी पतसंस्थेचं कर्ज काढलं होतं, ते अजून फिटायचं आहे. घरभाडं माझ्या पगारातून कसंबसं निघतं. नाताळाच्या आठवड्यात गोदामाच्या शिफ्टही कमी होणार.

नोकरी कशी शोधायची हेही सांगा, पण मी मुख्यतः वेगळ्या गोष्टीसाठी लिहितेय. आमच्या घरी रोज रात्री कौटुंबिक प्रार्थना होते. सासऱ्यांपासूनची पद्धत अशी की प्रत्येकाने त्या दिवसातल्या एका गोष्टीसाठी देवाचे आभार मानायचे आणि मग जेवायला बसायचं. परवा मोठी म्हणाली, "पप्पा आता रोज घरी असतात, त्यासाठी थँक यू जीझस." मिस्टर उठून बाहेर गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत.

मला ही पद्धत मोडायची नाही. पण तोंडाने आभार आणि पोटात गोळा, असं मुलींसमोर किती दिवस करायचं? त्यांना काय सांगायचं आणि किती सांगायचं? यंदा चर्चला दशांश, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग, द्यायचा का? आणि आम्ही ज्या इंग्रजी चर्चला जातो तिथे हे बोलायचं का? सगळे प्रेमाने वागतात, पण भिंगारला मंडळीत जसं घरचं सगळं माहीत असतं तसं इथे नाही. तिकडे सासूबाई करंज्या करायला बसल्या आहेत, रोज व्हिडिओ कॉलवर दाखवतात. त्यांना काहीही माहीत नाही.

रात्रपाळी · १० डिसेंबर, रात्री ११:२०

ताई, मी डब्लिनला नर्स आहे. मूळ गाव जालना. आत्ता ड्युटीवर आहे, म्हणून थोडक्यात लिहिते.

तुमच्या मुलीची प्रार्थना खरी होती. तिला पप्पा हवे होते, ते मिळाले. तिने नोकरी गेल्याचे आभार मानले नाहीत. मिस्टरांना ते लागलं, हेही तितकंच खरं. दोघांचंही बरोबर असू शकतं.

केअरचं काम करणाऱ्या घरांत नाताळ तसाही कधी पूर्ण नसतो. २४ ची रात्र मी कित्येक वर्षं वॉर्डात काढली आहे. तेव्हा मुलं चिडायची. त्यांना "देवाचे आभार माना, आईला नोकरी आहे" असं कधी ऐकवलं नाही. चिडू दिलं. मग २६ ला दुपारी आमचा नाताळ व्हायचा आणि तेव्हा तीच मुलं न सांगता प्रार्थना करायची.

ढोलकी_बर्मिंगहॅम · ११ डिसेंबर, सकाळी ७:०५

आधी कामाचं बोलतो, कारण दिवस मोजके आहेत.

नवा स्पॉन्सर मिळाला की त्याचं स्पॉन्सरशिपचं सर्टिफिकेट घेऊन पत्रातल्या तारखेच्या आत नवा अर्ज गेला पाहिजे. अर्ज वेळेत गेला तर निकाल लागेपर्यंत इथे राहता येतं. २२ जुलै २०२५ पासून केअरर म्हणून परदेशातून नवी भरती बंद आहे. त्याआधी, ९ एप्रिलपासूनच, इंग्लंडमधल्या केअर कंपन्यांना बाहेरून माणूस आणण्यापूर्वी स्पॉन्सर गमावलेल्या इथल्या कामगारांना घेण्याचा प्रयत्न करावा लागत होता. म्हणजे अनुभवी माणसाला दार पूर्ण बंद नाही. अशा कामगारांना नव्या मालकाशी जोडून देण्यासाठी कौन्सिलांच्या प्रादेशिक भागीदारी आहेत, आपल्या वेस्ट मिडलंड्सचीही आहे. तिथे नाव लगेच नोंदवा.

सर्टिफिकेटसाठी पैसे मागणाऱ्याला एक पौंडही देऊ नका, तो आपला मराठी माणूस असला तरी. सल्ला घ्यायचा तो सॉलिसिटरकडून किंवा इमिग्रेशन ॲडव्हाइस ऑथॉरिटीकडे नोंद असलेल्याकडूनच. सिटिझन्स ॲडव्हाइसमध्ये फुकट विचारता येतं.

आणि फूडबँक, म्हणजे अडचणीतल्यांना मोफत किराणा देणारी संस्था. तुमच्या व्हिसावर सरकारी मदत न घेण्याची अट आहे, पण फूडबँक त्या मदतीत मोडत नाही. लोक या भीतीने उपाशी राहतात म्हणून मुद्दाम लिहितोय. शाळा, जीपी (आपला नेहमीचा डॉक्टर) किंवा सिटिझन्स ॲडव्हाइसकडून व्हाउचर मिळतं, त्यावर साधारण तीन दिवसांचं सामान देतात. धाकटीला शाळेत दुपारचं जेवण मोफत मिळतच असेल, इंग्लंडमधल्या सरकारी शाळांत रिसेप्शन (पहिलीच्या आधीचा वर्ग) ते दुसरीपर्यंत सगळ्यांनाच मिळतं. पण सुट्टी लागली की ते थांबतं, म्हणून सुट्टीच्या आधीच व्हाउचर घ्या.

चर्चला सांगा. अनेक फूडबँका चर्चच्या हॉलमध्येच चालतात. तुम्ही ज्यांच्या शेजारी बसून गाता, त्यांच्यातलाच कोणीतरी तिथे डबे लावत असेल.

राहुरीचे_आजोबा · ११ डिसेंबर, दुपारी १:३०

बाळ, तू माझ्या नातीच्या वयाची असशील. ७२ च्या दुष्काळातला नाताळ सांगतो.

तेव्हा मी विशीत होतो. विहिरी आटलेल्या, जनावरं विकलेली. सगळं गाव दुष्काळी कामावर, पाझर तलावाची माती वाहायची नाहीतर खडी फोडायची. कामावर सुकडी मिळायची आणि रेशनवर अमेरिकेचा लाल मिलो, म्हणजे तिकडची ज्वारी. त्याची भाकर धड थापता यायची नाही. आमच्याकडे दरवर्षी सुगीनंतर पहिल्या पिकाचं अर्पण चर्चमध्ये यायचं. ज्वारीची कणसं, कोंबडी, अंडी, भोपळे. मग त्याचा लिलाव व्हायचा. त्या वर्षी सुगीच नव्हती, मग अर्पण कसलं? मंडळीतल्या पुरुषांचं म्हणणं पडलं की यंदा उपकारस्तुतीची उपासना नकोच, लोकांना लाज वाटेल.

आमचे पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, म्हणाले, उपासना होणार, पण दोन गोष्टी करू. प्रार्थनेच्या आधी प्रत्येक घराने उभं राहून घरात काय नाही ते सांगायचं. आणि ज्याच्याकडे जे असेल त्यातलं मूठभर आणायचं. नाताळाच्या दिवशी माणसं उभी राहिली. कुणाकडे तेल नव्हतं, कुणाच्या पोराला अंगात कपडा नव्हता, एका म्हातारीने सांगितलं की लेक कामाला मुंबईला गेला आणि त्याचं पत्र नाही. हे सगळं सांगून झाल्यावर उपकारस्तुतीचं गाणं झालं. अर्पणात मूठ मूठ मिलो आला आणि तोच संध्याकाळी ज्यांचं काहीच नव्हतं त्यांच्या घरी गेला. ती म्हातारी पुढे आमच्याकडेच जेवायची.

आपल्यातल्या कितीतरी घराण्यांची ख्रिस्ती ओळखच दुष्काळातून सुरू झाली आहे. १८९६-९७ ला पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणल्या, केडगावला ठेवल्या, शिकवल्या. माझी पणजी १९०० च्या दुष्काळात मिशनच्या आश्रमात वाढलेली. ती रोज आभार मानायची आणि आपल्या मेलेल्या भावंडांची नावंही रोज घ्यायची, एकाच प्रार्थनेत.

आधी सांगायचं, मग आभार. तुमच्या घरच्या प्रार्थनेतही तसंच करून बघा. दशांशाचं म्हणशील तर मूठभर मिलोही देवाने घेतला.

मूळची_मिरजेची · ११ डिसेंबर, रात्री ८:१५

आजोबांना नमस्कार. तरी मला थोडं वेगळं लिहायचं आहे.

मी टोरोंटोला असते. एका डिसेंबरात मिरजेला माझी आई वारली. तिकिटाचे पैसे नव्हते, माझं कागदपत्रांचं प्रकरणही अडकलेलं होतं. दफन फोनवर पाहिलं. तीन दिवसांनी नाताळ. त्या वर्षी भेटेल तो ख्रिस्ती माणूस मला सांगत होता, "सर्व स्थितीत उपकारस्तुती करा." मला ते वचन लहानपणापासून पाठ आहे. पण त्या आठवड्यात ते मला वचन म्हणून कुणी दिलं नाही, मी रडायची थांबावं म्हणून दिलं.

स्तोत्रांत बघा, कितीतरी स्तोत्रं तक्रारीने सुरू होतात. तेराव्यात दावीद देवाला सरळ विचारतो, किती काळ मला विसरशील? पुन्हा पुन्हा विचारतो. गाणं शेवटी येतं. आणि मधे किती दिवस गेले ते तिथे लिहिलेलं नाही. मला दोन नाताळ लागले. त्या काळात मी चर्चमध्ये बसायचे, गायचे नाही. शेजारची बाई माझं गाण्याचं पुस्तक उघडून माझ्या हातात ठेवायची, एवढंच. तिने कधीच "गा" म्हटलं नाही. आज मी त्या बाईसाठी देवाचे आभार मानते.

भिंगारच्या ताई, मिस्टरांना आत्ता आभार मानता येत नसतील तर त्यांच्या वाटचे तुम्ही माना. ते नुसते बसले तरी पुरे.

राहुरीचे_आजोबा · ११ डिसेंबर, रात्री ९:००

पोरी, तू बोललीस ते खरं आहे. त्या म्हातारीने त्या दिवशी गाणं म्हटलं नव्हतं. मला आता आठवलं.

पानवेल · १२ डिसेंबर, सकाळी ६:४०

मी वसईचा, कॅथलिक, सध्या कुवेतला. इथे मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, सगळ्यात जास्त गर्दी शुक्रवारी, कारण सुट्टी तेव्हा. नाताळ कामाच्या दिवशी आला तर आदल्या रात्रीची मिस्सा करून माणसं सकाळी साइटवर जातात.

माझे वडीलही इथेच होते. २ ऑगस्ट १९९० ला इराकने कुवेत घेतलं. वडील बगदादवरून अम्मानला आणि तिथून एअर इंडियाच्या विमानाने मुंबईला आले. तेव्हा साधारण १ लाख ७० हजार भारतीयांना असं आणलं होतं. अंगावरचे कपडे आणि एक पिशवी, बाकी सगळं तिकडेच. पगार बुडाला, बँकेतलं अडकलं. घराचं बांधकाम अर्धवट, गवंड्याचे पैसे द्यायचे राहिलेले.

त्या नाताळाला आम्हा भावंडांना इतका आनंद झाला होता की आजही तो नाताळ सर्वात मोठा वाटतो. वडिलांनी आमच्याबरोबर येशूजन्माच्या गोठ्याचा देखावा केला. वाडीतून पेंढा आणला, कंदील टांगला. मी तोवर त्यांना नाताळात घरी फारसं पाहिलंच नव्हतं. आईने मैद्याचे फुगे तळले, इंद्यालचं कालवण मात्र कमी मांसाचं होतं. आम्ही मिस्साला ओळीने बसलो आणि आभार मानले. आई मानू शकली नाही. तिने मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं की ती सगळी मिस्सा कर्जाचा हिशेब करत होती आणि आमच्या आनंदाचा तिला राग येत होता.

भरपाई मिळाली संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाकडून, पण त्याला वर्षं लागली. तोवर वडील पुन्हा कुवेतला गेले होते.

तुमच्या मोठीची प्रार्थना वाचून मला मी आठवलो. आईवडिलांनी आम्हाला सगळं सांगितलं असतं तर आमचा आनंद कमी झाला असता, असं मला नाही वाटत. मी थोरला होतो, मला काहीतरी कळत होतंच. घरात कुजबुज चालते आणि आपण गेलो की थांबते, त्याची भीती जास्त वाटायची. मुलींना सांगा. आकडे नका सांगू. पप्पांचं काम गेलं आहे, नवं शोधतो आहोत, कदाचित आजीकडे परत जावं लागेल, आपण चौघं एकत्र राहणार. आठ वर्षांच्या मुलीला एवढं पेलतं.

गोदाकाठ · १२ डिसेंबर, सकाळी १०:१०

मी ख्रिस्ती नाही, लेस्टरला असते, माहेर नाशिक. धागा वाचत होते. ताई, कॉव्हेंट्री इथून लांब नाही. भाजणी, पोहे, रवा, गूळ, जे लागेल ते सांगा. मुलींचे स्वेटर कुठल्या मापाचे? संकोच करू नका, मी या देशात आले तेव्हा मलाही अनोळखी माणसानेच पहिल्या हिवाळ्यात कोट दिला होता.

भिंतीपाशी · १२ डिसेंबर, दुपारी ४:३०

मी कॉव्हेंट्रीतच राहतो, बऱ्याच वर्षांपासून. ताई, तुम्ही ज्या गावात आहात त्याच गावाची गोष्ट या विषयाशी फार जवळची आहे.

१४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी हे शहर जाळलं. पाचशेहून अधिक माणसं मेली. मध्ययुगीन कॅथेड्रलच्या फक्त बाहेरच्या भिंती आणि मनोरा उरला. तिथले प्रोव्होस्ट, म्हणजे कॅथेड्रलचे प्रमुख, रिचर्ड हॉवर्ड यांनी त्याच वर्षी नाताळाच्या दिवशी त्या पडक्या भिंतींमधून बीबीसीवर भाषण केलं. सहा आठवडेही झाले नव्हते. शहरात कित्येक घरांत त्या नाताळाला माणूस कमी होतं. त्यांनी सूडाची भावना मनातून काढण्याचा प्रयत्न करू या, आणि युद्ध संपल्यावर बाळ येशूला शोभेल असं अधिक दयाळू जग उभारू या, असं आवाहन केलं.

त्या प्रसारणाच्या शेवटी जे गीत गायलं गेलं ते याच शहराचं, कॉव्हेंट्री कॅरल. इथल्या शिंपी आणि लोकर कातरणाऱ्यांच्या संघाच्या जुन्या नाटकातलं, सोळाव्या शतकातलं. आपण कॅरल म्हटलं की ढोलकी आणि टाळ्या धरतो, पण ही अंगाई आहे. हेरोद राजा आपली बाळं मारणार हे कळलेल्या बेथलेहेमच्या आया ती गातात. मत्तयाने आपल्या शुभवर्तमानात, नाताळाच्या गोष्टीतच, ते रडणं लिहून ठेवलंय आणि बाळ येशू, मरिया, योसेफ रातोरात परक्या देशात पळाले हेही. तुमचं कुटुंब नाताळाच्या बाहेर पडलेलं नाही, हे मला अगदी मनापासून सांगायचं आहे.

ते पडकं कॅथेड्रल तसंच ठेवलंय. नवं शेजारी बांधलं, त्याचं समर्पण २५ मे १९६२ ला झालं. जुन्यात वेदीमागच्या भिंतीवर "पित्या, क्षमा कर" एवढंच कोरलंय. दर शुक्रवारी दुपारी १२ वाजता तिथे समेटाची प्रार्थना होते. मिस्टर दिवसा घरी असतात ना? त्यांची हरकत नसेल तर मी त्यांना घेऊन जातो. बोलायला नको असेल तर नुसते उभे राहू. परत येताना जीपीकडून किंवा सिटिझन्स ॲडव्हाइसकडून फूडबँकेचं व्हाउचर घेऊ, मी सोबत आहे.

रात्रपाळी · १२ डिसेंबर, संध्याकाळी ७:५०

दादा, कॅरलचं हे माहीत नव्हतं. मी कितीदा गायलंय ते, डब्लिनच्या गायनमंडळात.

एक दशांशाबद्दल राहिलं. मी सुरुवातीच्या काळात जालन्याच्या मंडळीला पाठवायचे आणि इथे फ्रीज रिकामा. माझ्या पाळकसाहेबांना कळलं तेव्हा त्यांनी ते पैसे मलाच परत पाठवले आणि निरोप दिला, की यंदा मंडळी तुझ्यासाठी देणार. घेणंही शिकावं लागतं आणि मला ते देण्यापेक्षा जड गेलं.

भिंगारची_लेक · १५ डिसेंबर, रात्री १०:१५

सगळ्यांचं परत परत वाचलं. मिस्टरांनीही वाचलं.

रविवारी चर्चमध्ये मुलांची क्रिसिंगलची उपासना होती. आपल्याकडे हे नसतं म्हणून सांगते. संत्र्याला लाल फीत बांधतात, वर मेणबत्ती खोचतात आणि चार काड्यांना सुका मेवा किंवा गोळ्या लावतात. संत्रं म्हणजे जग, फीत म्हणजे येशूचं रक्त, मेवा म्हणजे जमिनीचं देणं, मेणबत्ती म्हणजे तो स्वतः. धाकटीने मेवा उपासना संपायच्या आधीच खाल्ला. उपासनेनंतर मी तिथल्या पाळकबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी मिस्टरांना त्यांचं काम नक्की काय होतं ते विचारलं. हॉइस्ट (माणसाला उचलायचं यंत्र) वापरता येतो का, डिमेन्शियाच्या माणसांबरोबर किती वर्षं केलं, औषधं द्यायचं प्रशिक्षण आहे का. कितीतरी दिवसांनी कुणीतरी त्यांना त्यांच्या हातातल्या कामाबद्दल विचारत होतं. चर्चमधल्या एक बाई केअर होमची व्यवस्थापक होत्या, आता निवृत्त आहेत. त्या मिस्टरांचा बायोडेटा बघून देणार आहेत. नोकरी मिळालेली नाही, तसं काही आश्वासनही नाही. प्रादेशिक भागीदारीत नाव नोंदवलं.

रात्रीच्या प्रार्थनेत आता आजोबांनी सांगितल्यासारखं करतो. आधी काय नाही ते प्रत्येक जण सांगतो. मोठी म्हणाली, आजी नाही, बर्फ नाही आणि पप्पांना काम नाही. तिला सगळं माहीत होतं, पानवेल दादा. मिस्टर म्हणाले, झोप नाही. मग आभाराची पाळी आली तेव्हा त्यांनी मान हलवली आणि मी मिरजेच्या ताईंचं ऐकलं, त्यांच्या वाटचे मी मानले. काल मात्र तेच आधी बोलले. भिंतीपाशीच्या दादांसाठी.

सासूबाईंनाही सांगितलं. त्या रडल्या, मग म्हणाल्या करंज्या पाठवते. पार्सलचे पैसे करंज्यांपेक्षा जास्त होतील म्हटलं, तर म्हणाल्या, मग मंडळीत वाटते आणि तुमच्यासाठी प्रार्थना मागते. म्हणजे आता सगळ्या भिंगारला कळणार. आठवडाभरापूर्वी याचीच मला सगळ्यात जास्त भीती होती.

दशांशाचं असं ठरलं. धाकटीच्या शाळेत सीरियातून आलेलं एक घर आहे, त्यांना २५ ला आमच्याकडे जेवायला बोलावलंय. नाशिकच्या ताई, रवा आणि गूळ खरंच द्या, आता संकोच करत नाही. मोठीचा स्वेटर ९-१० च्या मापाचा.

गोदाकाठ · १५ डिसेंबर, रात्री १०:४०

शनिवारी येते. साजूक तूपही आणते, करंज्या तुमच्याकडेच करू. पाहुण्यांना मांस हलाल लागेल बहुतेक, आमच्याजवळ दुकान आहे, किती आणू ते कळवा.

ढोलकी_बर्मिंगहॅम · १६ डिसेंबर, सकाळी ६:५५

२५ ला रेल्वे बंद असते, म्हणून आम्ही गाडीनेच येतोय. आम्ही चौघं, पेटी आणि ढोलकी. वॉल्व्हरहॅम्प्टनचं एक सोलापूरचं कुटुंब आहे, त्यांच्याकडे गाडी नाही, त्यांना वाटेत घेतो. खुर्च्या आमच्या आम्ही आणू. तुमच्या चर्चमधली उपासना साडेदहाची असेल तर आधी तिथेच येतो, मग घरी. भिंतीपाशी दादा, तुम्हीही या.

आजोबा, दुपारी दोनला मराठी गाणी सुरू करू. व्हिडिओ कॉल लावतो, तुम्ही प्रार्थना चालवाल का?

राहुरीचे_आजोबा · १६ डिसेंबर, दुपारी १२:२०

तुमचे दोन म्हणजे आमचे साडेसात. मी जेवून तयार बसतो. फोन नातू लावून देईल. बाळ, मिस्टरांचं पूर्ण नाव आणि दोन्ही मुलींची नावं मला वेगळी पाठव, उद्यापासून रोजच्या प्रार्थनेत घेतो.